शेजारच्या सीटवरचा ब्रेक

डॉक्टरांना हातगुण असतो म्हणतात, तसा मास्तरांना पायगुण होता. हे मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले. पण शाळेतल्या मास्तरांना म्हातारपणी जितके नमस्कार मिळत नसतील, तितके यांना भाजी आणायला गेलं तरी मिळत. सिग्नलला उभ्या असलेल्या चारपाच गाड्यांपैकी एखादा तरी चालक यांच्याच हाताखालून, खरं म्हणजे यांच्याच पायाखालून गेलेला असायचा.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही ब्रेक असतो. बाकीचे शिकवणारे तो असा दणकन दाबतात की शिकणाऱ्याचं कपाळ काचेला लागायचंच बाकी राहतं, आणि वर "लक्ष कुठंय?" म्हणून खेकसतात. मास्तरांची तऱ्हा वेगळी. ते खिडकीबाहेर बघत, कुणाच्या तरी लग्नाची नाहीतर भांडणाची हकीकत सांगत, आणि वेळ आली की उजवा पाय इतका अलगद टेकवत की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटे. "वा, छान थांबवलीत," असं म्हणून मास्तर हकीकत पुढे चालू करत. आता हे खोटंच झालं म्हणा. पण आपण गाडी थांबवू शकतो असं वाटल्याशिवाय माणूस ती पुढे न्यायला धजत नाही, असं मास्तरांचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्यांनी घरी इतक्या वेळा ऐकवलं होतं की बायकोने गाडी शिकायचं नावच काढलं नाही.

या मास्तरांना साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. त्यासाठी ते ज्या डॉक्टरबाईंकडे जात, त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत पडदा, पडद्याआड टेबल आणि टेबलामागे खाली घातलेलं एक डोकं. डॉक्टरबाई पेशंट बोलत असताना लिहीत असत, लिहिताना वर बघत नसत. मास्तरांनी इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यापेक्षा भांगच जास्त पाहिला होता, आणि त्या भांगाला त्यांनी काय काय सांगितलं होतं! चोरून ओढलेली सिगरेट सांगितली. आई गेली त्यानंतर बरेच दिवस रिकाम्या गाडीत बसून रडत होतो, तेही सांगितलं. खाली घातलेल्या डोक्याशी बोलणं सोपं असतं. समोरचा ऐकतोही आणि बघतही नाही, अशी सोय घरात कुठे मिळते?

शिवाय बाईंचं अक्षर. ते औषधाच्या दुकानदाराशिवाय कुणाला लागत नसे, आणि तोही निम्मं अंदाजाने वाचत असावा. मास्तरांना त्या अक्षराचा फार आधार वाटे. त्या अक्षरात शिरलेली गोष्ट काही बाहेर येत नाही, अशी त्यांची खात्री होती.

तर झालं काय, की एके दिवशी मास्तर बाहेरून घरात आले आणि बायको त्यांच्या पायांकडे बघतच राहिली.

"दुसरी चप्पल कुठंय?"

मास्तरांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी. चप्पल कोपऱ्यावरच्या दुकानापाशी पडलेली सापडली. तिथून घरापर्यंत मास्तर खडीवरून एका पायाने अनवाणी चालत आले होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"विचारात होतो," मास्तर म्हणाले.

"एवढा कसला विचार?" बायको म्हणाली. "डॉक्टरबाईंना दाखवा. ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही."

मास्तरांच्याही मनात पाल चुकचुकलीच होती. हल्ली उजव्या पायाला कापूस बांधल्यासारखं वाटायचं. पण ज्या पायावर घर चालतं त्याच्याबद्दल असं काही स्वतःशीही बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती. पाय गेला म्हणजे सीट गेली. सीट गेली म्हणजे मास्तर हे नाव तेवढं उरलं, आणि नुसत्या नावाला घेऊन माणसाने दिवसभर बसायचं कुठे? तरी त्यांनी ठरवलं, बाईंना सांगायचं. बाईंना नाही सांगायचं तर कुणाला?

ते गेले आणि पडदा सारून आत पाहतात तो टेबलावर वही नाही, पेन नाही. साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी, तिच्यावर बारीक निळा दिवा, आणि डॉक्टरबाई हात मोकळे ठेवून सरळ त्यांच्याकडे बघत बसलेल्या.

"या मास्तर. हे नवीन आहे. आपण बोलतो ते ऐकतं आणि सगळं स्वच्छ लिहून काढतं. तुमची काही हरकत?"

"माझी कसली हरकत?" मास्तर म्हणाले. अशा प्रश्नाला आजवर कोण हो म्हणालंय?

"मला तर फार बरं झालं," बाई म्हणाल्या. "लिहिण्यातून सुटले. आता पेशंटकडे नीट बघता येतं. बोला."

आणि त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. किती वर्षांनी! बाईंचे डोळे घारे आहेत हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. ते गडबडले. भिंतीला कान असतात हे ते ऐकून होते, आता टेबलालाही फुटले होते, आणि भरीला समोरून हे दोन डोळे. ही डबी लिहिते म्हणजे कुठे लिहिते? ते लिहिलेलं कोण वाचतं? आज ना उद्या लायसन्सच्या ऑफिसात तर जात नसेल? सांगायचं म्हणून घोकून आणलेलं वाक्य त्यांनी मनातच ठेवलं.

"सगळं झकास," मास्तर म्हणाले.

"पायांना मुंग्या? बधिरपणा?"

"छे, छे."

"चालताना काही?"

"काही नाही, बाई."

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. मास्तरांच्या शिकवण्याच्या परवान्याला डॉक्टरांचा दाखला लागत असे आणि तो नेमका त्याच महिन्यात द्यायचा होता. बाईंनी त्यावर सही केली, आणि डबीने लिहिलेला कागद छापून मास्तरांच्या हातात दिला. हल्ली प्रत्येकाला देतात म्हणे.

घरी बायकोने विचारलं, "पायाचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. वयोमान."

बायकोने चष्मा लावला आणि तो कागद घेतला. बाईंच्या अक्षरात काय लिहिलंय हे तिला कधी कळलं नव्हतं. हे मात्र छापील, टपोरं, शाळेच्या पुस्तकासारखं. तिने मोठ्याने वाचलं, "पायांना मुंग्या अथवा बधिरपणा नाही, असे रुग्ण सांगतो." मग चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "हा रुग्ण कोण? तुम्हीच ना?"

मास्तरांना तो शब्दच बोचला. 'सांगतो' काय, 'सांगतो'? नाही तर नाही लिहायचं, सरळ. जसं काही त्या डबीचा आपल्यावर विश्वासच नाही! आपण खोटं बोललो होतो हे खरं, पण त्या यंत्राला ते कुठे माहीत होतं? मास्तरांना मनापासून अपमान वाटला.

"माझ्याशी खोटं बोललात, ते एक वेळ चालेल," बायको म्हणाली. "मला सवय आहे. पण बाईंशी?" एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच लावू लागली.

त्या दिवसांत मास्तरांकडे एक कॅशियरबाई शिकत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. नवऱ्याची नजर अधू होत चालली होती, गाडी दाराशी धूळ खात उभी होती, आणि नवऱ्याला डोळ्यांच्या इस्पितळात न्यायचं तर दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडावं लागायचं. म्हणून बाईंनी या वयात शिकायला घेतली. हात चांगला बसला होता, पण परीक्षेत दोनदा नापास. कारण मास्तरांची ती अलगद पायाची युक्ती आजवर ज्या एकाच माणसावर चालली नव्हती, त्या या कॅशियरबाई. जन्मभर नोटा चाळून खोटी नोट बोटांनी ओळखणारी बाई ती, तिला काय फसवणार?

"वा, छान थांबवलीत," मास्तर म्हणत.

"मी कुठली? तुम्ही थांबवलीत," कॅशियरबाई म्हणत. "तुमचा पाय आहे तोवर मी गाडी चालवते, मास्तर. परीक्षेला तुमच्या जागी तो साहेब येऊन बसला की माझे हातपाय गळतात."

त्या कागदानंतर आठवडाभराने असेल, दोघं बाजारामागच्या रस्त्याने चालले होते. सकाळची वेळ, रस्ता रिकामा, मास्तर कुठल्याशा वरातीतल्या घोड्याची हकीकत सांगत होते. तेवढ्यात डाव्या हाताच्या बोळातून एक हातगाडी निघाली. ढकलणारा म्हातारा मान खाली घालून, सगळा भार दांड्यावर टाकून येत होता. त्याला गाडी दिसली नव्हती. मास्तरांनी पाय दाबला. सवयीने, न बघता, नेहमीसारखा.

गाडी थांबली. नेहमीसारखी अलगद नाही, एक गचका खाऊन, हातगाडीपासून हातभर अंतरावर. म्हाताऱ्याने वर पाहिलं, दोन शब्द सुनावले आणि पुढे गेला.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या शेजारी, नुसत्या चटईवर होता, आणि अजून जीव खाऊन दाबत होता.

"बापरे," कॅशियरबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आज त्या बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं."

आता इथे माणसाने काय बोलायला हवं होतं हे सांगायला नको. मास्तरांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडून फक्त "हं" निघालं. आणि त्या बाईने त्या "हं"वर विश्वास ठेवून गाडी पुन्हा चालू केली, इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि निघाली, शेजारी मास्तर आहेत या भरवशावर. मास्तरांना उभ्या आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. हकीकतीतला घोडा तिथेच राहिला. तो कुठे गेला हे बाईंनीही विचारलं नाही.

स्कूलमध्ये गाडी लावली आणि "तब्येत बरी नाही" म्हणून मास्तरांनी पुढच्या शिकवण्या मालकांच्या पुतण्याकडे दिल्या. हे मात्र खरं होतं. तिथून ते थेट दवाखान्यात गेले.

बाकड्यावर कुणी नव्हतं. आत डॉक्टरबाई, डबी आणि निळा दिवा.

"बाई, हे बंद होतं का?"

बाईंनी काही न विचारता बटण दाबलं. दिवा गेला. "बोला."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. बाई बघत होत्या.

"बाई, राग मानू नका," मास्तर शेवटी म्हणाले. "तुम्ही जरा खाली बघाल का?"

बाईंना आधी कळेचना. मग कळलं. त्यांनी खण उघडला, पेन काढलं, एक कोरा कागद ओढला आणि मान खाली घातली. पेन कागदावर खरखरू लागलं, आणि मास्तर त्या ओळखीच्या भांगाकडे बघत बोलू लागले. चप्पल सांगितली. कापूस सांगितला. चटईवरचा पाय, हातगाडीवाला म्हातारा, कॅशियरबाईंना दिलेला "हं", सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. वाटायचंच, अर्धं ओझं आता टेबलाच्या पलीकडे गेलं होतं.

"लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. रेघोट्या ओढल्या." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, मागच्या वेळी तुम्ही आत आलात तेव्हा तुमचा उजवा पाय फरशीवर आपटत होता. मी पाहिलं. इतकी वर्षं लिहिण्यात माझं लक्ष जायचं, तेव्हा कदाचित दिसलं नसतं. दिसलं, म्हणून तर मी पुन्हा पुन्हा विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."

मास्तर आपल्या उजव्या पायाकडे बघू लागले.

"त्या यंत्राने 'असे रुग्ण सांगतो' एवढंच लिहिलं. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही. विश्वास मी ठेवला. मनात म्हटलं, मास्तर कधी माझ्याशी खोटं बोलले नाहीत. तुमचा पाय न तपासता, तुमच्या शब्दावर दाखल्यावर सही केली." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्या डोळे पुसतात की काय असं मास्तरांना वाटलं. "ती गाडी थांबली नसती, तर म्हाताऱ्याला धडकणाऱ्या गाडीत माझीही सही बसलेली होती. चूक माझी आहे. तुमची आहेच, पण माझीही आहे."

मास्तरांना वाटत होतं की विश्वास ठेवायचा तो पेशंटने. डॉक्टरही टेबलाच्या पलीकडे तेच करत असतात, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मला ते लायसन्सच्या ऑफिसात जाईल असं वाटलं," ते पुटपुटले. "ते तुमचं यंत्र. कुठे जातं हो ते लिहिलेलं?"

"कंपनी म्हणते दवाखान्यातच राहतं. मी करार वाचलाय. कंपनी काही पाहिलेली नाही." बाई किंचित हसल्या. "तेव्हा तुमची शंका खुळी नाही. ती मला विचारायची होतीत. तोंडावर विचारायची होतीत. बरं, आता चढा त्या कॉटवर. मोजे काढा."

मास्तर कॉटवर आडवे झाले. बाईंनी पेनासारख्या दांडीत बसवलेला एक जाडसर नायलॉनचा दोरा आणला.

"डोळे मिटा. मी हा तळपायाला टेकवीन. लागला की 'हो' म्हणा. आधी डावा."

मास्तरांनी डोळे मिटले. डाव्या पायाला कुठे लागलं, कुठे पुसटसं लागलं. "हो," मास्तर म्हणत होते, "हो... हो... आता करंगळीपाशी."

"छान. आता उजवा."

मास्तर वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. बाहेरच्या बाकड्यावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज झाला. बाई दोरा बदलत असतील, असं मास्तरांना वाटलं. की फोन आला? फोनही वाजला नव्हता. त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली.

"करा ना सुरू, बाई," ते म्हणाले.

उत्तर फार हळू आलं.

"झालं, मास्तर. सगळ्या जागा झाल्या."

मास्तरांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत राहिले. पाय तिथेच होता, कॉटच्या टोकाला, पाच बोटांसकट, दिसायला अगदी धडधाकट. बाईंनी आपला हात त्या पायावर ठेवला होता. तो हातही मास्तरांना दिसलाच फक्त.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. गेलेली जाणीव परत येईल असं वचन त्या देऊ शकत नव्हत्या. साखर ताब्यात ठेवली तर आणखी बिघडणं रोखता येईल. रोज पाय डोळ्यांनी तपासायचा, अनवाणी हिंडायचं नाही, मज्जातंतूंच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि दाखला त्या परत मागवणार होत्या, तसं ऑफिसला स्वतः कळवणार होत्या.

"म्हणजे सीट गेली," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "गेली." आढेवेढे घेतले नाहीत. मास्तरांना त्यातल्या त्यात त्याचंच बरं वाटलं.

मोजे घालता घालता त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "ते चालू करा."

"तुमची हरकत होती ना?"

"त्या दुसऱ्या डॉक्टरांना हे सगळं वाचावं लागेल. तुमचं अक्षर त्यांना जन्मात लागायचं नाही."

बाई मोठ्याने हसल्या आणि बटण दाबलं. निळा दिवा लागला. मास्तरांनी घसा साफ केला, बाईंच्या घाऱ्या डोळ्यांत बघितलं आणि चपलेपासून पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जरा थांबत थांबत.

घरी बायकोने ऐकून घेतलं. बादलीत पाणी घेऊन आली, त्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा उजेडात धरला, पुसला, आणि चप्पल निसटली त्या दिवशीची खडीची खूण तिला टाचेवर सापडली तेव्हा मात्र रडली.

सगळ्यांना सांगून झालं होतं, एकाच माणसाला सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पायी कॅशियरबाईंच्या घरी गेले. बाई दाराशी उभ्या असलेल्या गाडीची काच पुसत होत्या. आत खिडकीशी नवरा रेडिओ ऐकत बसला होता.

"मास्तर? आज तर शिकवणी नाही."

"नाही. यापुढेही माझ्याकडे नाही. ते सांगायला आलो." मास्तरांनी खाली पाहिलं नाही. "काल हातगाडी आली तेव्हा मी ब्रेक दाबला. पण तो ब्रेक नव्हता, चटई होती. माझा पाय बधिर झालाय, मला कळलंच नाही. तुम्ही आभार मानलेत तेव्हा मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

कॅशियरबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"पाय बधिर आणि मला गर्दीतून फिरवत होतात? तुमच्या जिवावर मी स्टिअरिंगला हात लावत होते, मास्तर. कुणाचा जीव गेला असता तर?"

"गेला असता," मास्तर म्हणाले. "तुम्हाला रागवायचा हक्क आहे."

बाई रागावल्याच. चांगल्या रागावल्या. बँकेत चुकीची स्लिप भरून आणणाऱ्याला जे ऐकावं लागत असेल ते सगळं मास्तरांनी उन्हात उभं राहून ऐकलं. मग बोलता बोलता मध्येच बाई थांबल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमचा पाय चटईवर होता?"

"हो."

"अख्खा वेळ?"

"अख्खा वेळ."

"मग गाडी कुणी थांबवली?"

आजवर मास्तरांनी हजार वेळा 'छान थांबवलीत' हे जे वाक्य खोटं म्हटलं होतं, ते आज खरं होतं आणि नेमकं आजच तोंडातून बाहेर पडेना. पण बाईंना त्याची गरज नव्हती. त्यांनी फडकं टपावर टाकलं आणि खिडकीकडे वळून ओरडल्या.

"अहो! आधी तो रेडिओ बंद करा! काल गाडी मी थांबवली होती! मी! शेजारी कुणी नसताना!"